उजव्या हातानं डावा कान

…तसं नका विचारू साहेब. दोघांत भारी कोण, हा कट्ट्यावरच्या पोरांचा सवाल झाला. तुम्ही टीमचे माणूस, पुण्याहून अंबडपर्यंत एसटीनं आलात — बसा बसा, इथं बाकावर बसा, त्या खुर्चीचा पाय ढिला आहे — तर तुम्ही असं विचारा की आमच्या बास्केटबॉलच्या टीमला कडेनं खेळणारा कसला विंग पाहिजे, आणि त्यात कोण बसतो. जागा एकच म्हणता. तीन वर्षांचा करार. आणि नावं दोन. दोन्ही ह्याच शाळेतली, ह्याच सिमेंटवरची, दोन्ही माझ्याच शिट्टीखालची. आता मी रिटायर आहे, पण फाटकाची चावी अजून माझ्याकडंच असते, रोज संध्याकाळी येऊन बसतो. काही करत न्हाई. बसतो. तर एक भागवत, आणि एक राजानंद. राजानंद माझा मुलगा आहे — हे तुम्ही कागदावर वाचलंच असंल, राजानंद भिवाजी, मधलं नाव माझंच. म्हणून तर फोनवर म्हणल्तं, माझं मत घेऊ नका. तरी आलात. भागवतनं दिला असंल माझा नंबर. तो देतोच. दर गुरुपौर्णिमेला फोन करतो, सर तब्येत कशी, सर गोळ्या घेता का. बरं, आलात तर सांगतो. लिहून घ्या. बराबर मोजून सांगीन, दोघांनाही सारखंच.

आधी हे कोर्ट बघा. बघितलं? न्हाई, तसं न्हाई, खाली वाका थोडं — दिसला उतार? कॉन्ट्रॅक्टरनं सिमेंट टाकतानाच घोळ केला, डाव्या कोपऱ्याकडं चार बोटं उतार आहे. बॉल सुटला की घरंगळत तिथंच जाऊन थांबतो, त्या नळापाशी. आणि रिंगमागची फळी बघा — लाकडी न्हाई, काचेची न्हाई, लोखंडी आहे. जालन्याच्या एमआयडीसीत सळया ओढणारी एक मिल होती, तिथल्या मॅनेजरचा पोरगा आमच्याकडं शिकायला होता, त्यानं पत्रा दिला आणि वेल्डिंग करून दिलं. फुकट. पण लोखंड ते लोखंड, बॉल तिच्यावर आपटला की दगडावर आपटल्यासारखा परत येतो. आता हे मी का सांगून राह्यलो? तर ह्या दोघांचा खेळ ह्या उतारानं आणि ह्या फळीनं घडवलाय. तुम्ही पुण्यात बसून व्हिडिओ बघता, तुम्हाला हे दिसणार न्हाई.

राजानंदचं आधी घेऊ. राजानंद लहान होता, अंगानं बारीक, मोठी पोरं खेळायची आणि हा नळापाशी उभा. बॉल घरंगळत आला की उचलून परत फेकायचा. मंग फेकता फेकता तिथूनच रिंगवर मारायला लागला. तर त्याचा डाव्या कोपऱ्यातला शॉट — साहेब, तुमच्या लीगमध्ये तिथून त्याच्याइतका कुणी मारत असंल तर मला दाखवा. डोळ्याला पट्टी बांधा, तरी दहातले सहा जातील. पण. पण फळीचा वापर त्याला येत न्हाई. रिंगच्या बाजूला मोकळा उभा असला, कुणीबी फळीवर मारून सोपा घातला असता, तरी हा सरळच मारणार, कारण ह्या लोखंडानं त्याला लहानपणीच घाबरवून ठेवलंय. दुसरं, बचाव. बचाव चांगला. समोरच्याच्या कमरेवर नजर ठेवतो, बॉलवर न्हाई. खांदा फसवतो, डोळे फसवतात, कंबर फसवत न्हाई. हे मीच शिकवलं. पण पहिलं पाऊल मंद. बॉल हातात आला की आधी विचार करतो, मंग हलतो, तोवर समोरचा आडवा आलेला असतो. आणि तिसरं — तो बॉल मागत न्हाई. लिहा हे, महत्त्वाचं आहे. पाच मिनिटं, सात मिनिटं बॉल त्याच्याकडं आला न्हाई तरी हात वर न्हाई, आवाज न्हाई. पळत राहतो, जागा काढत राहतो, कुणी बघितलं तर बघितलं. घरीबी तसाच. चप्पल तुटली तरी सांगायचा न्हाई, आठ दिवस तारेनं बांधून घालायचा. त्याची आई म्हणायची — बेबीनंदा, माझी मिसेस — ती म्हणायची, तुमच्या तोंडून राजाचं नाव निघालं की मागून 'पण' निघतोच. मी म्हणायचो, कोच आहे मी. ती म्हणायची, शाळेत आहात. घरी कोण आहात?

वारली ती. चैत्रात. न्हाई न्हाई, असू द्या, लई दिवस झाले आता, सात महिने. तुमचं चालू द्या.

हां, भागवत. भागवतचं पहिलं पाऊल म्हंजे — तुम्ही बघितलंच आहे. उजव्या अंगानं सुटला की धरणं न्हाई. शेतातलं पोरगं, सर्जेरावांचं, इथून चार किलोमीटरवरची वस्ती. रोज पळत यायचं, पळत जायचं. अंगात नुसतं पाणी. उडी अशी, की रिंगच्या लोखंडाला हात लावून खाली यायचा आणि गंजाची बोटं माझ्या शर्टाला पुसायचा. मी रागवायचो. आणि शेवटच्या दोन मिनिटांत, जेव्हा बाकीचे नऊ जण बॉलपासून तोंड लपवून राहतात, तेव्हा हा ओरडतो — इकडं द्या, इकडं! चुकला तरी पुढच्या वेळी परत ओरडतो. हे शिकवून येत न्हाई साहेब. ह्याला किंमत आहे. उणं काय? शॉट चपटा. बॉल वर चढतच न्हाई, सरळ रेषेत जातो, लागला तर लागला. बचावात आळस — बॉल पळवायला हात घालतो, हुकला की माणूस मोकळा, आणि हा कमरेवर हात ठेवून दुसऱ्याकडं बघणार, जसं काही तुझंच चुकलं. दहावेळा सांगितलं. अन् उजवा गुडघा. त्या गुडघ्याचा फोटो नव्यानं काढून घ्या, जुन्या रिपोर्टवर जाऊ नका. वयाच्या मानानं तो जास्त झिजलाय.

पण हात! हात विसरलोच की. विंगला हातच पाहिजेत, आणि भागवतचे हात लई लांब. मोजले असतील तुम्ही. मी ते पहिल्याच दिवशी बघितले होते. पहिलीच्या भरतीला. मी खेळाचा मास्तर, पण जूनमध्ये भरतीच्या टेबलावर मलाच बसवायचे, अक्षर चांगलं म्हणून. जन्माचा दाखला कुणाकडं नसायचा. मंग काय, आमची जुनी रीत — पोराला सांगायचं, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान धरता आला तर सहा पूर्ण. न्हाई आला तर पुढल्या साली या. हसू नका, बराबर निघतं ते, सहाच्या आत हात पुरतच न्हाई. तर झुंबरबाई ह्याला घेऊन आली, भागवतची आई, आणि मी म्हणलं, बाळा कान धर. साहेब, त्यानं कान धरला न्हाई, कान ओलांडून गालापर्यंत हात आणला! हनुवटी धरली म्हणा ना. मी तेव्हाच शेजारच्या बाईंना म्हणलं, हा पोरगा बास्केटबॉलचा. आणि दात? पुढचे दोन्ही दात मोठाले, दुधाचे केव्हाच पडून गेलेले. झुंबरबाई म्हणली, सर, वस्तीवर पाण्याची टाकी झाली ना, त्या दिवाळीतला आहे. दोन वर्षं बकऱ्यांमागं होता, आता घ्या पदरात —

हं?

न्हाई, असंच सांगितलं. लांब हातांचं सांगत होतो.

काय लिहिलं तुम्ही? …टाकी कधी झाली ते मला काय माहीत. तुम्ही असं बघू नका माझ्याकडं. जन्मतारीख एक जून आहे, शाळेच्या रजिस्टरात आहे, तुमच्या कागदावरबी तीच आहे. अहो, त्या वर्षी पहिलीत बावन्न पोरं, त्यातली एकतीस एक जूनची. सगळ्या महाराष्ट्रात एक जूनला वाढदिवस असणारे किती निघतील विचारा. मास्तर लोकांनी घातलेले आहेत ते. शाळा उघडायच्या दिवसाला सहा पूर्ण पाहिजेत, मंग मागं मोजायचं आणि टाकायचं. आणि दोन वर्षं कमी टाकली तर पोराचं भलंच, पुढं नोकरीत दोन वर्षं जास्त मिळतात. त्यात पाप न्हाई. सगळे करायचे. शेतकऱ्याचं पोरगं, पहिल्यांदाच घरातलं कुणी शाळेत येऊन राह्यलं, तेवढं तर — आपण करायचं न्हाई तर कुणी करायचं?

राजानंदची न्हाई. राजानंदची खरी आहे, नऊ फेब्रुवारी. तो सरकारी दवाखान्यात झाला, कागद होता. अन् कागद नसता तरी मी खरीच टाकली असती. आपल्या पोराला कसं करायचं असं? लोक काय म्हणतील?

लोक काय म्हणतील — हेच. हेच तर.

आता अर्धं सांगितलं तर पुढचंबी ऐका, न्हाईतर तुम्ही भलतंच घेऊन जाल. सोळा वर्षांखालची जिल्ह्याची टीम निवडायची होती. बारा वर्षं झाली. राज्याच्या स्पर्धेला जाणार होती ती टीम, तिथून पुढं मुंबईचे, नागपूरचे लोक पोरं उचलतात. निवड माझ्याकडं. सगळ्या जागा ठरल्या, विंगची एक राहिली. हेच दोघं. चाचणी इथंच घेतली, ह्याच कोर्टवर. सारखे निघाले. पाच शॉटचा फरक असता तर मी सुटलो असतो, पण बिलकुल सारखे. मास्तरांच्या खोलीत आधीच चालू झाल्तं — आता बघा, बाप कोच आणि लेक टीममध्ये. एकानं तर माझ्या तोंडावर म्हणलं, भिवा सर, तुमच्या लोकांनी बोलायला जागा नका ठेवू. 'तुमच्या लोकांनी.' आमच्या समाजाचा मी एकटा होतो तिथं. घरी आलो. राजानंद दारातच उभा. त्यानं तेव्हा मागितलं. जन्मात एकदाच मागितलं. म्हणला, पप्पा, भागवत माझ्यापेक्षा मोठा आहे ना? दोन वर्षांनी तरी. त्याच्या आईनंच सांगितलं मला, टाकीच्या सालचा आहे तो. मंग तो बसतच न्हाई ना सोळाखाली? तुम्ही एकदा फक्त म्हणा, पप्पा.

मी म्हणलं, रजिस्टरात आहे ते खरं.

एवढंच. जेवलो. सकाळी यादी लावली, भागवतचं नाव होतं. काय करायला पाहिजे होतं? तुम्हीच सांगा — आपल्याच पोराला जागा मिळावी म्हणून दुसऱ्याच्या पोराचं वय काढायचं? आणि काढायचं तर कुणाच्या अक्षरातलं? माझ्याच. राजानंदनं त्या दिवसापासून ह्या कोर्टवर पाय न्हाई ठेवला. दहावी झाली, मावशीकडं गेला नागपूरला, तिथं परत शून्यापासून चालू केलं. तुमच्या लीगमध्ये यायला त्याला भागवतपेक्षा चार वर्षं जास्त लागली. आईला फोन करायचा, दर रविवारी, मी समोरच बसलेला असायचो. ती फोन कानाला धरून माझ्याकडं बघून मोठ्यानं बोलायची — हां राजा, बत्तीस मिनिटं खेळला? हां राजा, पाय लचकला? — म्हंजे मलाबी कळावं. असं आमचं चालायचं. चैत्रात आला, तिचं सगळं केलं, पंधरा माणसांना पाणी दिलं, तिसऱ्या दिवशी बॅग भरली. मी म्हणलं, जेवून जा. म्हणला, गाडीत खाईन. आता रविवारी फोन वाजत न्हाई. मला त्याचं काही — काही होत न्हाई आता. रडू येईल वाटायचं, तेबी येत न्हाई. अंघोळ करतो, भात टाकतो, इथं येऊन बसतो.

असो. माझा निकाल सांगतो, लिहा, आणि ते कानाचं, टाकीचं खोडून टाका. म्हातारा माणूस बोलत सुटतो. तुमचा नियम मला माहीत आहे, वयाचं खोटं निघालं की नाव कायमचं कट; तर तसलं काही न्हाई. रजिस्टरात आहे ते खरं. तुम्हाला कोपऱ्यात उभा राहून मारणारा पाहिजे की शेवटच्या मिनिटाला मॅच ओढून आणणारा? ओढून आणणारा, ना? मंग भागवतला घ्या. राजानंद चांगला आहे पण थंड आहे. भागवतला घ्या. झालं. कुणी म्हणणार न्हाई की भिवा सरांनी —

काय?

परत म्हणा.

…भागवतनं न्हाई? मंग नंबर दिला कुणी?

राजानंदनं.

त्यानं — माझं नाव? तुम्ही त्याला विचारलं, दोघांना जवळून ओळखणारं कोण, आणि तो म्हणला — न्हाई, त्याच्याच शब्दांत सांगा, बराबर जसं म्हणला तसं. हां. हां. 'पप्पांना विचारा. ते म्हणतील ते मला मान्य.' असं म्हणला? पप्पा म्हणला? वडील न्हाई, सर न्हाई — पप्पा? आणि आवाज कसा होता त्याचा? …साधाच. साधाच असणार. तो मागत न्हाई, म्हणलं ना मी तुम्हाला. जागा काढतो आणि उभा राहतो. कुणी बघितलं तर बघितलं.

जरा थांबा.

त्याला माहीत आहे मी काय म्हणणार ते. त्याला बारा वर्षांपासून माहीत आहे. तरी पाठवलं तुम्हाला. मी परत तेच म्हणतो का, एवढंच बघायला पाठवलं, दुसरं काय. आणि मी म्हणलो. आत्ता, तुमच्यासमोर, त्याच शब्दांत. बारा वर्षांत दोनदा म्हणलो.

भागवतचं काय होईल? नाव जाईल त्याचं. दोन लेकरं आहेत त्याला, गेल्या गुरुपौर्णिमेला धाकटीला फोनवर दिलं होतं, बोल म्हणला, आजोबा आहेत. त्याचा दोष काय? सात-आठ वर्षांचं पोरगं, मास्तर म्हणले कान धर, त्यानं धरला. झुंबरबाईनं तर खरंच सांगितलं होतं. तिनं एक अक्षर खोटं सांगितलं न्हाई. दोन्ही घरांत जे काही खोटं आहे ते सगळं माझ्या हातचं आहे, आणि माझं अक्षर चांगलं.

पेन काढा. खोडलं का ते? न्हाई ना? बरं झालं. आता लिहा. भागवत सर्जेराव, टाकीच्या सालच्या दिवाळीतला. ते साल ग्रामपंचायतीत मिळंल, टाकीवरच रंगवलेलं आहे, एकोणीसशे पंच्याण्णव. एक जून खोटी. रजिस्टर माझ्या हातानं लिहिलेलं आहे. चूक भिवाजीची, पोराची न्हाई — हे मोठ्या अक्षरात लिहा, आणि तुमच्या साहेबांना वाचून दाखवा. ऐकतील का? …न्हाई ऐकणार. नियम आहे. माहीत आहे मला, तरी लिहा. सही कुठं करू? इथं?

आणि राजानंदच्या पानावर — काय लिहिलंय तिथं वरती, 'थंड'? ते मी म्हणलं. तसंच राहू द्या, खोडू नका, खोटं न्हाई ते. त्याच्या खाली एक ओळ घाला. राजानंद चांगला खेळतो. पण —

न्हाई. एवढंच. राजानंद चांगला खेळतो.

काय बघून राह्यलेत? झालं तुमचं काम. पावणेसहाची बस आहे, तिच्यामागची लई उशिरा येते. चहाचं राहू द्या. त्याला काही सांगू नका माझं, मी काय म्हणलो ते कागदावर वाचंल तो. उठा. आणि जाताना ते फाटक ओढून घ्या, बॉल बाहेर जातो.